अंगणातलं सायकस, बाबांचा विसर आणि ग्वाम बेट

गोदाकाठची | रविवार, रात्री १०.२०

आमच्या गंगापूर रोडच्या घरी फाटकाशी एक सायकस आहे. १९९१ मध्ये वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाबांनी लावलेलं. तेव्हा वीतभर होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. बाबा ७८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. माझं नाव कधी आठवतं, कधी मी नुसती 'अगं ए' असते. पण सकाळी झारी भरून सायकसला पाणी घालायचं ते विसरत नाहीत. विसरतात ते एवढंच, की घातलं. मग परत घालतात.

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आलं. 'सावधान! शोभेच्या या झाडात स्मृतिभ्रंशाचं विष. शास्त्रज्ञांनी माकडांवर सिद्ध केलं.' खाली सायकसचा फोटो. तासाभरात आत्याचा फोन, मग पुण्याहून भावाचा. "ते झाड आधी काढ." त्याने झाड तोडणाऱ्या माणसाचा नंबरसुद्धा पाठवून दिला. बाबांना आठवड्यातून एकदा आंघोळ घालायला कोण येणार, यावर मात्र ग्रुपवर अजून निळी खूणही उमटलेली नाही. असो.

माझी नोकरी बँकेत, हिशेब तपासायची. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची खोड आहे. म्हणून चार रात्री बसून वाचलं. फॉरवर्ड सगळंच खोटं नाही, हे कळल्यावर जास्त अस्वस्थ झाले.

समजलं ते असं. पश्चिम पॅसिफिकमध्ये ग्वाम नावाचं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट आहे. तिथले मूळ रहिवासी चामोरो. १९५० च्या दशकात तिथे एका विचित्र आजाराचं प्रमाण जगाच्या मानाने ५० ते १०० पट होतं. कुणाचे हातपाय लुळे पडत, कुणाला कंपवात आणि त्याच्या जोडीला स्मृतिभ्रंश. स्थानिक लोक त्याला लायटिको आणि बोडिग म्हणत. मेंदूच्या कापांत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी दिसल्या, अल्झायमरमध्ये दिसतात त्याच जातीच्या. हे लोक सायकसच्या बियांचं पीठ करून त्याच्या भाकऱ्या खात. त्या बियांत बीएमएए नावाचं न्यूरोटॉक्सिन, म्हणजे मज्जापेशींवर घाला घालणारं विष सापडलं.

आता प्रश्न. एक, झाड नुसतं अंगणात असण्याने काही होतं का? दोन, माकडांवर नेमकं काय सिद्ध झालं? तीन, शास्त्रज्ञ मुद्दाम विष देऊन आजार तयार करतात म्हणजे काय, आणि त्यातून माझ्या बाबांसारख्यांना काही मिळणार आहे का? जाणकारांनी लिहावं. घाबरवणाऱ्यांनी नाही लिहिलं तरी चालेल, ते काम आत्या करतेय.

पंचवटीकर | रविवार, रात्री १०.५१

ताई, लेख आवडला म्हणायचं की वाईट वाटलं म्हणायचं कळेना. पण एक विचारतो. नर्सरीवाला या झाडाला सेगो पाम म्हणतो. सेगो म्हणजे साबुदाणा ना? म्हणजे आमच्या घरी दर संकष्टीला आणि एकादशीला जी खिचडी होते ती याच झाडाची? आईला सांगितलं तर ती मलाच घराबाहेर काढेल.

रानवाटा | रविवार, रात्री ११.१५

पंचवटीकर, खिचडी निवांत खा. तूप जास्त घाला. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याचे मोठे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहेत. मूळ सेगो आग्नेय आशियातल्या एका खऱ्या पामच्या खोडातला पिठूळ गर. सायकस पामही नाही. फुलझाडांच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर असलेल्या घराण्यातलं ते झाड. नर्सरीवाले दिसण्यावरून बारसं करतात.

गोदाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. झाड अंगणात असण्याने, त्याला हात लावल्याने, त्याच्यावरून आलेला वारा घेतल्याने काही होत नाही. पानाची टोकं टोचतात तेवढीच. विष पोटात गेलं तर. त्यातही तुमचं झाड बहुधा जपानी जातीचं असणार, ग्वामचं निराळं. विषारी दोन्ही आहेत. बियांत सायकासिन नावाचं आणखी एक द्रव्य असतं, ते यकृतावर जातं. कुत्र्यांनी बिया चघळून जीव गमावल्याची उदाहरणं जगभर आहेत. केरळात याच कुळातल्या रानटी झाडाच्या बिया खातात, पण सुकवून, भिजवून, पुन्हा पुन्हा पाणी बदलून. ग्वामचे लोकही बिया दिवसेंदिवस भिजत घालून ते पाणी फेकत. विष आहे हे त्यांना आपल्या आधीपासून ठाऊक होतं.

तुमच्या झाडाच्या मध्यभागी कधी काही आलं होतं का? उभं, मक्याच्या कणसासारखं, की गोल, लोकरीच्या गुंड्यासारखं?

गोदाकाठची | रविवार, रात्री ११.२२

कणसासारखं! लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात आलं होतं. बाबांनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. तेव्हा त्यांना फोटो पाठवता येत होते.

रानवाटा | रविवार, रात्री ११.२६

मग तो नर आहे. बिया धरणारच नाहीत. भावाला सांगा, आरोपी निर्दोष.

एक गंमत सांगतो. झाडाच्या बुंध्याशी माती जरा बाजूला केलीत तर आल्याच्या कोंबांसारखी, वर तोंड करून वाढलेली मुळं दिसतील. पोवळ्यासारखा आकार असतो. त्यांना आडवा काप दिला की आत हिरवट निळं कडं दिसतं. ते नीलहरित शैवाल. झाड त्याला घर देतं, ते झाडाला हवेतला नत्र देतं. बीएमएए हे शैवाल तयार करतं, असं पॉल कॉक्स आणि सँड्रा बॅनक या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलं. म्हणजे चोर झाडात नव्हता, झाडाच्या भाडेकरूत होता.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सकाळी ७.०५

औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्याकडे घेतो. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तिसरा. अल्झायमर फक्त माणसात, म्हातारपणी, वीसेक वर्षं आतल्या आत शिजून बाहेर येतो. उंदराला तो आपसूक होत नाही. मग अभ्यास करायचा कसा? मेंदूच्या एखाद्या यंत्रणेला मुद्दाम धक्का द्यायचा आणि काय बिघडतं ते पाहायचं. विष इथे पान्यासारखं वापरतात. कुठला नट सैल केला की कुठला आवाज येतो.

सर्वांत जुनं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला महादेवाला धोतरा वाहतात ना? त्यात स्कोपोलामाइन असतं. १९७४ मध्ये ड्रॅकमन आणि लेविट यांनी तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना ते दिलं, आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवायची त्यांची ताकद म्हाताऱ्यांसारखी घसरली. हे द्रव्य मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनचा मार्ग अडवतं. म्हणजे स्मरणाला ॲसिटिलकोलीन लागतं. पुढे अल्झायमरच्या रुग्णांतही तेच कमी पडतं असं दिसलं, आणि ते टिकवून धरणाऱ्या गोळ्या आल्या. गोदाताई, तुमच्या बाबांना रात्री डोनेपेझिल देत असाल तर ती त्याच घराण्यातली, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेली. ती आजार थांबवत नाही, काही काळ रेटा देते. तरी विषापासून गोळीपर्यंतचा रस्ता असा होता.

पण धोतऱ्याने केलेला विसर काही काळाने उतरतो. पेशी मरत नाहीत, गाठी होत नाहीत. तो अल्झायमरची नक्कल करतो, तीही वरवरची. बीएमएएकडे लोकांचं लक्ष गेलं ते म्हणूनच, की ते गाठींपर्यंत पोचतंय असं दिसलं.

आता माकडं. दोन प्रयोग आहेत आणि लोक त्यांची मिसळ करतात. पहिला पीटर स्पेन्सर यांचा, १९८७. मकाक माकडांना बीएमएए पाजलं, काही आठवड्यांत हातापायांची ताकद गेली, हालचाली जड झाल्या. गाजावाजा झाला. मग टीकाकारांनी हिशेब मांडला. चामोरो बाईने धुऊन केलेल्या पिठात विष इतकं कमी उरतं, की माकडाच्या मात्रेला पोचायला पोतीच्या पोती खावी लागतील. प्रकरण थंडावलं.

ते पुन्हा तापलं २००२ मध्ये. कॉक्स आणि न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी म्हटलं, पीठ विसरा, वटवाघळं बघा. चामोरो लोकांचं आवडतं पक्वान्न म्हणजे नारळाच्या दुधात अख्खं शिजवलेलं फळखाऊ वटवाघूळ, आणि वाघळं सायकसच्या बियांवर तुटून पडतात. संग्रहालयात ठेवलेली वाघळांची जुनी कातडी तपासली तेव्हा ग्रॅममागे साडेतीन हजार मायक्रोग्रॅमच्या घरात बीएमएए निघालं. मोकळ्या वाढवलेल्या शैवालात ते एक मायक्रोग्रॅमसुद्धा नव्हतं. साखळीत वर चढत साठत गेलं, असा तर्क. बंदुका आल्या, वाघळं संपत आली, आजारही उतरत गेला. गोष्ट म्हणून फार सुबक आहे, आणि मला सुबक गोष्टींची जरा भीती वाटते.

दुसरा प्रयोग २०१६ चा, तुमच्या फॉरवर्डमधला. सेंट किट्स बेटावरच्या व्हर्वेट माकडांना १४० दिवस फळातून बीएमएए दिलं, किलोमागे रोज २१० मिलिग्रॅम. मेंदूत टाऊच्या गाठी झाल्या आणि तुरळक ठिकाणी अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाचे साठेही. एका गटाला बरोबर एल-सेरीन हे साधं अमिनो आम्ल दिलं, त्यांच्यात गाठींची दाटी कमी होती. बाहेरून दिलेल्या पदार्थाने माकडाच्या मेंदूत या गाठी उठतात, हे दाखवणं लहान काम नाही. पण लक्षात घ्या, हे मेंदूच्या कापांवरून काढलेले निष्कर्ष आहेत. 'सायकसमुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालं' असं त्या शास्त्रज्ञांनीही म्हटलेलं नाही.

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ९.४०

बँकेत पोचताच कॅल्क्युलेटर काढला. बाबांचं वजन ६२ किलो. २१० गुणिले ६२, म्हणजे रोज १३ ग्रॅम शुद्ध विष. रोज, जवळजवळ पाच महिने. आणि आमच्या घरी सायकस कुणी चाखलंही नाही. हे भावाला पाठवलं. उत्तर आलं: "रिस्क कशाला?" या वाक्यापुढे हिशेब चालत नाही.

शंकासुर | सोमवार, दुपारी १.१०

सूक्ष्मदर्शी सर, सगळं ठीक, पण एक पाल चुकचुकतेय. रुग्णांच्या मेंदूत ते विष सापडलं की नाही सापडलं? सापडलं असेल तर बाकी चर्चा कशाला?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी २.३५

अगदी नेमकी पाल. २००४ मध्ये कॉक्स यांच्या गटाला ग्वामच्या रुग्णांच्या मेंदूत ते सापडलं, आणि कॅनडातल्या अल्झायमरच्या रुग्णांतही, ज्यांनी वटवाघूळ कधी पाहिलं नसेल. खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने शोधलं, त्यांना ना ग्वामच्या मेंदूत मिळालं ना अल्झायमरच्या. २००९ मध्ये मायामीच्या गटाला पुन्हा मिळालं. भांडण बरंचसं मोजायच्या पद्धतीचं आहे. या रेणूची जुळी भावंडं आहेत, वजन तेच, रचना किंचित वेगळी. साध्या यंत्राला ती वेगळी ओळखू येत नाहीत. शिवाय मोकळं विष मोजायचं की प्रथिनात अडकलेलं, यावरही एकमत नाही. हीच गत शैवालाची. २००५ मध्ये 'जवळपास सगळ्या नीलहरित शैवालात बीएमएए' असं छापून आलं, नंतर जास्त काटेकोर यंत्रं वापरणाऱ्या अनेकांना ते सापडलंच नाही.

लाखोरी | सोमवार, रात्री ८.१५

मी मूळची गोंदियाची, आता इंदिरानगरला. धागा वाचताना अंगावर काटा आला, कारण यातली अर्धी गोष्ट आमच्या गावची आहे.

आमच्याकडे लाखोरीची डाळ. धानाच्या बांधीत पाणी ओसरलं की ओलाव्यावर ती पेरून द्यायची, दुष्काळातही येते. गडीमाणसांना मजुरीतही मिळायची. आजी सांगायची, दुष्काळाच्या वर्षी ज्यांच्या घरी दुसरं काही नसायचं आणि दोन्ही वेळ तीच शिजायची, त्यांच्यातल्या तरण्या पोरांचे पाय आखडायचे. काठी टेकत, गुडघ्यात वाकून, चवड्यांवर चालणारी दोन माणसं मी स्वतः लहानपणी पाहिली आहेत. लॅथिरिझम म्हणतात. डाळीवर १९६१ मध्ये बंदी आली, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. आजी डाळ भिजवून, उकळून पहिलं पाणी फेकून द्यायची. वर रानवाटांनी चामोरो बायकांचं लिहिलंय, तेच.

त्या डाळीतलं विष आणि हे सायकसचं विष यांचं काही नातं आहे का?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ९.००

नातं? सख्खं. खरं तर धाग्याची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

लाखोरीतलं विष, ओडॅप, १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी वेगळं केलं. त्याच सुमारास ग्वामवर काम करणाऱ्या मार्जोरी व्हाइटिंग या आहारतज्ज्ञ बाईंना तिथला आजार लॅथिरिझमसारखा वाटला. तेव्हा सायकसमध्येही ओडॅपसारखं काही आहे का, हे शोधायला घेतलं, आणि १९६७ मध्ये व्हेगा आणि बेल यांना बीएमएए मिळालं. तुमच्या आजीच्या डाळीने ग्वामच्या झाडाकडे बोट दाखवलं असं म्हणा ना.

फरकही तितकाच महत्त्वाचा. ओडॅप मज्जापेशींना इतकं चेतवतं की त्या थकून मरतात. पाय जातात, पण विसर पडत नाही, आणि डाळ बंद केली की आजार पुढे सरकत नाही. ग्वामचा आजार मात्र बेट सोडून गेलेल्यांना वर्षानुवर्षांनी धरायचा. विष आज, आजार वीस वर्षांनी, असं कसं? यावर २०१३ मध्ये एक कल्पना आली. आपलं शरीर प्रथिन विणताना सेरीनच्या जागी चुकून बीएमएए ओवतं. येवल्याच्या मागावर पैठणी विणताना रेशमाऐवजी मधेच नायलॉनचा धागा गेला, असं समजा. पैठणी त्या दिवशी तशीच दिसते. घड्या पडत राहतात आणि कधीतरी तिथेच विरते. एल-सेरीन का दिलं तेही यातून कळतं, खरं रेशीम भरपूर हाताशी ठेवलं की चूक कमी. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण काही प्रयोगशाळांनी तसं ओवलं जातं का हे तपासलं, आणि त्यांना ते दिसलं नाही. माझी आवड पुरावा नव्हे.

लाखोरी | सोमवार, रात्री ९.१२

आजी असती तर म्हणाली असती, "पाणी फेका म्हटलं होतं ना."

द्राक्षबागवाला | मंगळवार, पहाटे ५.५०

निफाड तालुका. बागेत निघायच्या आधी लिहितोय. तुम्ही लोक सायकस आणि वाघळं घेऊन बसलात. आमच्या छातीशी पंप असतो त्याचं काय? ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइड लावतो, मग माल निघेपर्यंत डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारे मोजायचे नाहीत. तण मारायला पॅराक्वाट. वडील पंचावन्नाव्या वर्षी कंपवाताने हलायला लागले. त्यांच्यावर कोणी माकडं लावली नाहीत.

दुसरं, गायींना ॲझोला घालतो. कृषी सहाय्यकाने सांगितलं होतं की त्याच्या पानात नीलहरित शैवाल असतं म्हणून ते पौष्टिक. आता वाचून घास अडकला. बंद करू का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८.२०

दादा, तुमचा राग योग्य ठिकाणी आहे. पॅराक्वाट आणि रोटेनोन हे कीटकनाशक, यांचं नाव कंपवाताशी जोडलं गेलंय ते नुसतं उंदरांवरून नाही. अमेरिकेत फवारणी करणाऱ्या लोकांचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला, त्यात यातलं काही वापरलेल्यांत कंपवाताचा धोका सुमारे अडीचपट दिसला. तुमच्या वडिलांना त्यानेच झाला, असं मी म्हणू शकत नाही. पण हातमोजे, मास्क, फवारल्यावर कपडे वेगळे धुणं आणि वारा येतो त्या बाजूला पाठ, हे उद्यापासून नको, आजपासून करा. फाटकाजवळच्या सायकसपेक्षा हे शंभर पटींनी निकडीचं आहे.

ॲझोल्याच्या पानात शैवाल असतं हे खरं. त्यामुळे दूध विषारी झालं असं दाखवणारं माझ्या वाचनात काही नाही. मी असतो तर चालू ठेवलं असतं. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरते, वास मारते, ते पाणी मात्र जनावराला पाजू नका. त्यातली यकृताची विषं नक्की माहीत असलेली आहेत.

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी ११.००

हिरवी साय म्हणजे आपल्या गोदेवर पसरते ती पाणवेल का? उन्हाळ्यात नदी दिसतच नाही, क्रिकेटचं मैदान दिसतं.

रानवाटा | मंगळवार, सकाळी ११.३०

नाही. ती जलपर्णी, जांभळ्या फुलांची, चांगली पानं-मुळं असलेली वनस्पती. शैवाल डोळ्यांना सुटं दिसत नाही, पाण्यात रंग सांडल्यासारखं दिसतं. पण दोघांचंही जेवण एकच, सांडपाणी. तेव्हा तुमचा राग कायम ठेवा, नाव तेवढं बदला.

आरोग्यम्_धनसंपदा | मंगळवार, दुपारी ४.१०

इतकी चर्चा करण्यापेक्षा एल-सेरीन पावडर सरळ ऑनलाइन मागवा ना. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. माकडांना गुण आला तर माणसाला का येणार नाही? माझ्याकडे सवलतीची लिंक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ४.१४

आलीच लिंक. संपादक मंडळ, लक्ष असू द्या.

माईची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

लिंक नको, पण प्रश्न माझाही तोच आहे. माझ्या सासूबाईंना, माईंना, पाच वर्षं झाली. अशा घरात राहिल्यावर माणूस काहीही मागवतो हो. मी मागवलंय. ब्राह्मी, शंखपुष्पी, नारळाचं तेल, एक यंत्र डोक्याला लावायचं. सगळं कपाटात आहे. तेव्हा हसू नका, सांगा. द्यावं का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ८.४५

कोणी हसत नाही, ताई.

माणसांवरचं एक छापील काम मला माहीत आहे. २०१७, एएलएस, म्हणजे हातपाय लुळे पडत जाणाऱ्या आजाराचे २० रुग्ण. दिवसातून दोनदा १५ ग्रॅमपर्यंत सेरीन दिलं, ते एकंदरीत सोसवलं. प्रयोग सोसवतं का हे पाहायचा होता, गुण येतो का हे ठरवण्याइतका मोठा नव्हता. तोही अल्झायमर नव्हे. आणि माकडांत सेरीन दिलं ते विष देता देता, त्याच दिवसांत. विष नसलेल्या, आजार मुरलेल्या मेंदूवर ते काय करेल, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलेलाच नाही. त्यामुळे मी देणार नाही.

त्याऐवजी एक करा, फुकट आहे. धोतऱ्याची गोष्ट आठवा. ॲसिटिलकोलीन अडवणारी द्रव्यं आपल्या औषधांच्या डब्यात साळसूदपणे बसलेली असतात. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, गाडी लागू नये म्हणूनच्या काही, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या काही, झोपेसाठी म्हणून दिलेली जुनी नैराश्याची औषधं. म्हाताऱ्या मेंदूत त्यांनी गोंधळ वाढतो. एकीकडे डोनेपेझिल देऊन ॲसिटिलकोलीन जपायचं आणि दुसरीकडे सर्दीच्या गोळीने ते अडवायचं, असं बऱ्याच घरांत नकळत चालतं. माईंच्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवाल्याने परस्पर दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करा. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

माईची_लेक | बुधवार, दुपारी १२.२०

पिशवी केली. अकरा पाकिटं निघाली. दोन तर मामंजींची होती, ते जाऊन चार वर्षं झाली.

माईची_लेक | शुक्रवार, रात्री १०.०५

आज डॉक्टरांकडे गेलो. खाज येते म्हणून गेल्या दिवाळीपासून रात्री देत होतो ती गोळी त्यांनी बंद केली, दुसरी दिली. माईंना काही फरक पडेल की नाही, पुढच्या महिन्यात लिहीन. डॉक्टर म्हणाले, पिशवी आणायची कुणी सुचवलं? मी म्हटलं, धोतऱ्याने.

शंकासुर | शुक्रवार, रात्री १०.४०

हा धागा सायकसवर सुरू झाला आणि खाजेच्या गोळीवर आला. संस्थळाची परंपरा.

सर, शेवटचं. ग्वामचं कोडं सुटलं का मग?

सूक्ष्मदर्शी | शनिवार, सकाळी ७.३०

नाही. कोणी पाण्यातलं कॅल्शियम कमी आणि ॲल्युमिनियम जास्त म्हणालं, कोणी जनुकं शोधली, कोणी सायकासिनकडे वळलं. हातपाय जाण्याचा प्रकार तिथे जवळपास नाहीसा झालाय, लोकांचं जेवण बदललं, जुनी पिढी गेली. साक्षीदारच उरत नाहीत. दरम्यान फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मरून पडलेल्या डॉल्फिनच्या मेंदूत बीएमएए आणि अल्झायमरसारख्या खुणा सापडल्याचं २०१९ मध्ये छापून आलं. म्हणजे फाइल बंद नाही.

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार, वेगवेगळे मानत नाही. द्राक्षबागवाले दादा, तुमच्या वडिलांसाठी आमच्या बाबांचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंचा नंबर व्यनि केलाय.

भाऊ आज आला होता. प्रत्यक्ष. त्याला हा धागा दाखवला, अर्धा वाचला आणि म्हणाला, बरं राहू दे. मग आम्ही दोघांनी बुंध्याशी माती उकरून ती पोवळ्यासारखी मुळं शोधली. सापडली! बाबा कट्ट्यावर बसून बघत होते. भावाला विचारलं, "तुम्ही माळी का?" तो "हो" म्हणाला. मग बाबांनी त्याला झाड कधी लावलं ते सांगितलं, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी, पाऊस होता, आई चिखलावरून ओरडली होती. पावसाचं मला माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं, तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि चिखल त्यानेच आत आणला होता.

रानवाटा, एकच विचारायचं राहिलं. खालची पानं पिवळी पडताहेत. बाबा दिवसातून चार-पाच वेळा पाणी घालतात, थांबवलं तर चिडतात.

रानवाटा | शनिवार, रात्री ९.४०

पाणी जास्त होतंय. सायकसला कोरडं आवडतं, नाहीतर मूळ कुजतं. बुंध्याभोवतीची माती काढून जाड वाळू आणि विटांचा चुरा भरा, पाणी उभं राहणार नाही. आणि झारी लहान आणा.

गोदाकाठची | रविवार, सकाळी ८.०५

झारी तीच ठेवलीय, ती त्यांना ओळखू येते. तळाशी भोक पाडलं. नळापासून फाटकापर्यंत पोचेस्तोवर अर्धी होते.